कर्नल कोल्ट: कलकत्त्याला जाऊन आलेला पिस्तूलवाला



लहानपणी दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवले नाही असा मराठी माणूस शोधूनच काढावा लागेल. घोडा मागे ओढायचा, टिकली नीट बसली आहे ना ते बघायचे, चाप दाबायचा की फट्! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जगातल्या मोठमोठ्या सैन्यांची पिस्तुले याच तत्त्वावर चालत होती. फरक इतकाच, की कागदी टिकलीच्या जागी तांब्याची इवलीशी टोपी असे. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाई, दारू पेटे आणि शिशाची गोळी सुटे. कोकणातल्या जुन्या घरात ज्यांनी ठासणीची बंदूक आणि तिच्या केपा पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अशी टोपीच्या जमान्यातली लष्करी रिव्हॉल्व्हर्स जमवणारे लोक आपल्या कॅनडात आहेत. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी त्यातलेच. ते लंचला बसले की हॉकीच्या खालोखाल हाच विषय. आणि हा विषय निघाला की पाच मिनिटांत एक नाव येतेच, सॅम्युअल कोल्ट. कॉलेजात प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या तासाला हे नाव कानावरून गेले होते, त्यामुळे कुतूहल म्हणून त्याचे चरित्र वाचायला घेतले. वाचता वाचता त्यात कलकत्ता निघाले, कॅनडा निघाला आणि शेवटी १८५७ सुद्धा निघाले! म्हटले, हे मंडळाच्या वाचकांना सांगायलाच हवे.

सॅम्युअलचा जन्म १९ जुलै १८१४ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावचा. घर आधी खाऊनपिऊन सुखी होते, पण १८१९ च्या मंदीत वडिलांचा धंदा बसला. पुढे थोड्याच वर्षांत आई क्षयाने गेली. अकराव्या वर्षी पोराला एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवले गेले. तिथे शेतीपेक्षा त्याचे लक्ष पुस्तकात जास्त. दारूगोळा, वीज, यंत्रे असले काही हाती लागले की स्वारी खूष. १८२९ च्या ४ जुलैला त्याने गावातल्या तळ्यात पाण्याखाली स्फोट घडवून दाखवला. तराफा उडायचा होता, त्याऐवजी जमलेले सगळे लोक चिखलपाण्याने न्हाऊन निघाले. पुढच्या वर्षी शाळेत असाच दारूकामाचा प्रयोग केला, आग लागली आणि शाळा सुटली ती कायमची.

आता अशा मुलाचे काय करायचे? त्या काळच्या वडिलांनी केले तेच. १८३० साली सोळा वर्षांच्या सॅमला खलाशी म्हणून कोर्व्हो नावाच्या जहाजावर चढवले. जहाज बॉस्टनहून निघाले आणि गेले थेट कलकत्त्याला! पेशवाई बुडून तेव्हा फक्त बारा वर्षे झाली होती, दुसरे बाजीराव बिठूरला दिवस काढत होते आणि कलकत्ता ही कंपनी सरकारची राजधानी होती. याच सफरीत त्याने चाकूने लाकूड कोरून फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे मॉडेल बनवले. जहाजाचे सुकाणूचे चाक फिरताना, दर वेळी ठरावीक जागी अडकताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा आहे. काही अभ्यासक म्हणतात की चकमकीवर चालणारी, एलिशा कॉलियरच्या पद्धतीची फिरती पिस्तुले हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेकडे होती, तीच त्याने पाहिली असावीत. मला स्वतःला दुसरी शक्यता जास्त पटते. पण कॉलियरच्या पिस्तुलात चक्र हाताने फिरवावे लागे. घोडा मागे ओढला की चक्र आपोआप एक घर पुढे सरकेल आणि नळीसमोर घट्ट बसेल, ही जोडणी कोल्टची.

परत आल्यावर मॉडेल तर होते, पण पैसे? इथे या पोराची दुसरी बाजू दिसते. त्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, लोकांना हुंगवून दाखवण्याचे खेळ सुरू केले. नावाचे स्पेलिंग जरासे बदलून स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतले आणि जाहिरातीत नावापुढे न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता अशी तीन गावे लावली. विशीही न गाठलेल्या मुलाने फॉरेन रिटर्न म्हणून कलकत्त्याचे नाव मिरवावे, याची मला फार गंमत वाटते. आपण नेमके उलटे करत आलो ना! हे खेळ करत तो अमेरिकाभर फिरला आणि इथे कॅनडातही येऊन गेला. तिकिटांच्या पैशातून बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सन नावाच्या कारागिराकडून नमुन्याची पिस्तुले बनवून घेतली.

१८३५ मध्ये इंग्लंडचे आणि २५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेचे पेटंट मिळाले. नातेवाईकांचे आणि ओळखीच्यांचे भांडवल घेऊन न्यूजर्सीतल्या पॅटर्सनला कारखाना निघाला. आजच्या भाषेत स्टार्टअपच. आणि बहुतेक स्टार्टअपचे होते तेच झाले. लष्कराने चाचणी घेऊन माल नापास केला. पाच गोळ्यांचे ते नाजूक पिस्तूल, चाप मुठीत दुमडलेला, रणधुमाळीत नीट भरता येईना. फ्लोरिडातल्या लढाईत सैन्याला थोड्या फिरत्या रायफली विकल्या, तर परतताना होडी उलटून पैसे पाण्यात. चुलतभावाशी, म्हणजे कंपनीच्या सेक्रेटरीशी, खर्चावरून भांडणे. कारण साहेब विकायच्या आधीच मेजवान्यांवर पैसे उडवायचे! १८४२ ला कारखाना बंद पडला. त्याच साली त्याच्या सख्ख्या भावाने, जॉनने, खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाल्यावर अंमलबजावणीच्या दिवशीच तुरुंगात जीव दिला.

पुढची पाच वर्षे कोल्टने एकही पिस्तूल बनवले नाही. पाण्याखालचे सुरुंग, पाण्यातून नेता येणारी तारेची केबल (इथे त्याच्या जोडीला टेलिग्राफवाले मोर्स होते), काडतुसे, असे एक ना दोन उद्योग केले. पैसे कशातच फारसे सुटले नाहीत.

मात्र पॅटर्सनची विकली गेलेली पिस्तुले दूर टेक्सासमध्ये आपले काम करत होती. तिथल्या रेंजर्सनी १८४४ मध्ये संख्येने मोठ्या शत्रूला घोड्यावर बसून या पिस्तुलांनी पिटाळले होते. मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर त्या चकमकीतला एक रेंजर, आता कॅप्टन झालेला सॅम्युअल वॉकर, कोल्टला भेटला आणि त्याने पिस्तुलात काय काय हवे ते सांगितले. पाचाऐवजी सहा गोळ्या, चापाभोवती कडे, गोळी ठासायला नळीखाली दांडी आणि घाव बसलाच पाहिजे असा मोठा दारूचा भार. लोकहो, रिक्वायरमेंट गॅदरिंग म्हणतात ते हेच! वापरणाऱ्याने सांगितलेले ऐकले आणि माल एकदम वेगळा झाला. सरकारने एक हजार नगांची ऑर्डर दिली. कोल्टकडे ना कारखाना, ना मशिन. त्याने एलाय व्हिटनी ज्युनिअरच्या कारखान्यात १८४७ मध्ये ती बनवून घेतली. हेच ते प्रसिद्ध वॉकर कोल्ट, वजन सुमारे दोन किलो. वॉकर बिचारा त्याच वर्षी ऑक्टोबरात लढाईत मारला गेला. एकूण अकराशेच्या आसपासच नग बनले, त्यामुळे संग्राहकांच्या दृष्टीने हा कोहिनूर. २०१८ मध्ये यातला एक नग अमेरिकेत लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरला गेला.

या ऑर्डरच्या जोरावर कोल्ट जन्मगावी परतला आणि हार्टफर्डला स्वतःचा कारखाना काढला. १८४९ मध्ये त्याने एलिशा रूट या मेकॅनिकला मागेल तो पगार देऊन आणले. तळ्यातल्या त्या फसलेल्या स्फोटाच्या दिवशी चिडलेल्या गर्दीपासून सॅमला वाचवणारा तरुण हाच, असे सांगतात. माझ्या मते कोल्टच्या यशातला निम्मा वाटा या रूटचा आहे. एकेका भागासाठी एकेक मशिन, एका मशिनवर एकच काम, आणि ते चालवायला पिढीजात बंदूकवाला नको, चार दिवस शिकलेला कोणीही चालेल. १८५१ चे नेव्ही मॉडेल याच पद्धतीने निघाले. छत्तीस कॅलिबर, सहा गोळ्या, वजन सव्वा किलोच्या आत. चक्रावर टेक्सासच्या आरमाराच्या एका लढाईचे चित्र कोरलेले, म्हणून नाव नेव्ही. प्रत्यक्षात वापरले बहुतेक घोडेस्वारांनी. हार्टफर्डला यांचे दोन लाखांहून जास्त नग बनले.

आता एक गोष्ट, जी मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात आवडली. कोणत्याही पिस्तुलाचा कोणताही भाग दुसऱ्याला बसेल, अशी त्या कारखान्याची ख्याती होती. पण जुने कोल्ट हातात घेऊन पाहा. सांगाड्यावर, नळीवर, चक्रावर, चापाच्या कड्यावर, मुठीच्या पट्टीवर तोच नंबर पुन्हा पुन्हा ठोकलेला असतो. का बरे? सगळे भाग खरोखर अदलाबदलीचे असते तर नंबर कशाला हवा होता? मशिनवरून आलेले भाग शेवटी कारागीर कानस घेऊन एकमेकांत बसवत. मग ते भाग सुटे करून कडक करायला, पॉलिशला जात. परत येताना जोड्या चुकू नयेत म्हणून हे नंबर! म्हणजे जाहिरात आणि कारखाना यांच्यात जे थोडे अंतर उरले होते, ते या नंबरांत दिसते. आणि आज संग्राहक जिवापाड बघतात ते हेच. सगळे नंबर जुळले तर पिस्तूल जन्मापासून एकत्र राहिलेले, एक जरी वेगळा निघाला तरी भाव धाडकन खाली.

१८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात कोल्टने पाचशेच्या आसपास पिस्तुले मांडली आणि इंग्रजांना चकित केले. १८५३ मध्ये थेम्सच्या काठी पिमलिकोला त्याचा कारखाना सुरू झाला. चार्ल्स डिकन्स तो बघायला गेला होता आणि त्याने त्यावर लिहिलेही. तिथे त्याचा स्पर्धक होता रॉबर्ट अ‍ॅडम्स. अ‍ॅडम्सच्या पिस्तुलाचा सांगाडा एकसंध, आणि चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन पडे. झटापटीत हे सोयीचे. कोल्टचा घोडा दर वेळी अंगठ्याने ओढावा लागे, पण नेम चांगला आणि माल भरपूर. शेवटी इंग्रज सैन्याने सुधारलेल्या अ‍ॅडम्सला पसंती दिली आणि १८५६ अखेर कोल्टने लंडनचा गाशा गुंडाळला. तोवर तिथे सुमारे ४२,००० नेव्ही तयार झाली होती.

आपल्या कॅनडाचा भाग इथेच येतो. क्रिमियाच्या युद्धासाठी ब्रिटनने इथली पलटण काढून नेली, तेव्हा १८५५ मध्ये इथल्या सरकारने कायदा करून पाच हजारांपर्यंत पगारी स्वयंसेवकांचे मिलिशिया उभे केले. त्यातल्या घोडेस्वारांसाठी कोल्टकडून काही शे नेव्ही रिव्हॉल्व्हर्स आली. मुठीच्या तळाशी तुकडीचे अक्षर आणि खाली यू.सी. किंवा एल.सी., म्हणजे अपर कॅनडा किंवा लोअर कॅनडा. देश म्हणून कॅनडा १८६७ चा, हे पिस्तूल त्याच्याही बारा वर्षे आधीचे! टोरांटोचे जॉर्ज टेलर डेनिसन अशाच एका घोडदळाच्या तुकडीचे प्रमुख होते. १८६६ मध्ये सीमेपलीकडून फेनियन लोकांचा हल्ला झाला तेव्हा ते फोर्ट एरीला गेले होते. पुढे त्यांनी घोडदळाचा इतिहास लिहिला आणि त्याला रशियाच्या झारचे बक्षीस मिळाले. घोडेस्वाराने तलवारीपेक्षा रिव्हॉल्व्हरवर भरवसा ठेवावा, याचे ते मोठे पुरस्कर्ते. इथल्या संग्राहकाला वॉकर परवडत नाही, पण असा यू.सी. चा शिक्का मिळाला तर तो आठवडाभर हवेत असतो.

आमच्या सहकाऱ्यांकडचे नेव्ही लंडनचे आहे. नळीवर लंडनचा पत्ता, शेजारी इंग्लंडच्या तपासणीचे शिक्के. नंबरावरून साल काढता येते, १८५५ च्या आसपासचे. त्यांनी ते माझ्या हातात दिले तेव्हा आधी तोल किती छान आहे असेच मनात आले. मग दुसरा विचार आला. इंग्रज अधिकारी पिस्तूल स्वतःच्या खिशातून विकत घेत, आणि १८५७ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि अ‍ॅडम्स दोन्ही होती. कानपूर, झाशी, काल्पी ही गावे आपण नानासाहेब, राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे यांच्या बाजूने शिकलो. समोरच्या हातात काय होते, हे शाळेच्या पुस्तकात नव्हते. एका भरणीत सहा बार काढणारा माणूस, आणि त्याच्यासमोर एका बारानंतर पुन्हा ठासत बसणारा किंवा नुसती तलवार घेतलेला माणूस. हे पिस्तूल तिकडे गेले होते का, हे नंबर सांगत नाही. कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतचीच त्याची साक्ष. सहकाऱ्यांना मी हे बोलून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग झाशीबद्दल विचारू लागले. तो लंच तासभर लांबला.

कोल्टला असले प्रश्न पडत नसावेत. त्याने झारला सोन्याचे कोरीवकाम केलेली पिस्तुले भेट दिली, तशीच तुर्कस्तानच्या सुलतानालाही. दोघे एकमेकांशी लढत होते हा त्याच्या दृष्टीने गिऱ्हाइकाचा प्रश्न! अमेरिकेत यादवी पेटेपर्यंत तो दक्षिणेकडच्या राज्यांनाही माल पाठवत राहिला. कर्नल ही पदवीसुद्धा रणांगणावरची नाही, कनेक्टिकटच्या राज्यपालांनी मैत्रीखातर दिलेली. हुशारीबद्दल आदर वाटतो, माणूस म्हणून मी त्याच्यापासून दोन हात लांबच उभा राहीन.

१८५५ मध्ये त्याने हार्टफर्डला नदीकाठी प्रचंड कारखाना उभारला. पुराचे पाणी अडवायला बांध घातला, बांधाची माती धरून ठेवायला विलोची झाडे लावली, आणि झाडे वाढलीच आहेत तर त्यांच्या फांद्यांपासून फर्निचर विणायला जर्मनीहून कारागीर आणून वसवले. कामगारांसाठी घरे, सभागृह, दहा तासांचा दिवस. कारखान्यावर निळा घुमट आणि त्यावर मागच्या पायांवर उभे राहिलेले शिंगरू. इंग्रजीत कोल्ट म्हणजे शिंगरू, म्हणून ते चिन्ह.

१८५६ मध्ये एलिझाबेथ जार्व्हिसशी लग्न झाले. मुले झाली, पण बहुतेक अगदी लहानपणीच गेली. संधिवाताने जर्जर झालेला कोल्ट १० जानेवारी १८६२ ला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वारला. मागे सुमारे दीड कोटी डॉलरची मालमत्ता होती. एलिझाबेथने ती नुसती सांभाळली नाही. १८६४ मध्ये कारखान्याचा मोठा भाग जळला, तिने तो पुन्हा बांधला, घुमटासकट. कंपनी तिच्या कुटुंबाकडे १९०१ पर्यंत राहिली. या बाईवर खरे तर वेगळा लेख व्हायला हवा.

टोपीची रिव्हॉल्व्हर्स मात्र लवकरच मागे पडली. आरपार भोकाच्या चक्राचे पेटंट स्मिथ अँड वेसनच्या हातात होते, म्हणून १८६९ मध्ये ते संपेपर्यंत कोल्ट कंपनीला टोपीवरच राहावे लागले. त्यानंतर धातूच्या काडतुसांचे दिवस आले.

आता कायद्याचे, कारण हे वाचून कोणी उत्साहाने दुकान गाठेल! १८९८ पूर्वी बनलेले आणि रिमफायर किंवा सेंटरफायर काडतूस न चालवणारे शस्त्र कॅनडाच्या क्रिमिनल कोडनुसार अँटीक धरले जाते. त्याला लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही. ठेवण्याचे आणि नेण्या-आणण्याचे नियम मात्र आहेतच, आणि त्याने कोणाला धाक दाखवला तर गुन्हा तो गुन्हाच. गंमत पुढे आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत या पिस्तुलांच्या हुबेहूब नकला बनतात. तशी नकल इथे रिस्ट्रिक्टेड हँडगन ठरते, आणि २१ ऑक्टोबर २०२२ पासून सामान्य माणसाला हँडगनची खरेदी-विक्रीच बंद झाली. म्हणजे अस्सल घरात ठेवायला परवाना नको, नकल मात्र विकतही घेता येत नाही. नकलेला गंज चढवून, जुने शिक्के ठोकून अस्सल म्हणून खपवणारे महाभाग असतात, तेव्हा इथे फसवणूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत, माणूस कायद्यातही अडकतो. जाणकाराला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नये. आणि भारतात सोबत नेण्याचा विचारही नको, तिथले नियम वेगळे आहेत.

नुसते बघायचेच असेल तर टोरांटोहून हार्टफर्ड आठ-नऊ तासांच्या ड्राइव्हवर आहे, माँट्रियलहून त्याहून कमी. हायवेवरून जाताना तो निळा घुमट लांबूनच दिसतो. एलिझाबेथने नवऱ्याच्या आठवणीसाठी बांधलेल्या चर्चच्या दगडात क्रॉसच्या जोडीला चक्क पिस्तुलाचे भाग कोरलेले आहेत, ते बघायला विसरू नका. कोल्टचा स्वतःचा शस्त्रसंग्रह तिने गावातल्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयाला दिला. कलकत्त्याच्या सफरीत चाकूने कोरलेले ते लाकडी मॉडेलही त्याच संग्रहात आहे.